डाळिंबी चिंधीला दोरी नाही

आत्या,

तुझ्या तेराव्याला डान्स टीचर आल्या होत्या. जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत तुझ्या मशीनशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षं टेलर अक्कानं माझ्या नाचणाऱ्या मुलींचे पोशाख शिवले. चाळीस वर्षांत एकदाच चुकली." लोकांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांत एकच चूक, म्हणजे केवढं कौतुक! मी कॉफीचे टंबलर घेऊन फिरत होते. एक टीचरांच्या हातात दिला आणि पुढे सरकले.

ती चूक तुझी नव्हती. हे दोघींना ठाऊक होतं, एक तू आणि एक मी. तू गेलीस. मी कॉफी वाटत राहिले.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. तू बोलायचीस मराठी आणि वाचायचीस तमिळ, इथल्या मराठी राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीतल्या सगळ्यांसारखी. मी ही अक्षरं हिंदीच्या परीक्षांसाठी घोटली आणि पुढे मराठीसाठी वापरली. तू कागद हातात धरून म्हणायचीस, "माळेस लटकवलेल्या मिरच्या वाटतात ग." आता घरात मराठी ऐकायला कुणी नाही. दादा चेन्नईहून फोन करतो. त्याची मुलं सगळं समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. कालपरवा दूध उतू गेलं तेव्हा मी मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. तेरा दिवस झाल्यावर पाहुणे गेले, तेव्हापासून या घरात कुणी मराठी शब्द उच्चारला नव्हता.

आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. पोशाखाच्या विषयात पदवी घेतली आणि आज त्याच विषयाची शिक्षिका आहे. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही, तूही लपवला नाहीस. माझ्या पदवीदानाचा फोटो तू देवघरात न लावता कापायच्या टेबलासमोर लावलास. गिऱ्हाईक आलं की कातरीनं दाखवायचीस, "आमची पोर. शिवणाची डिग्री आहे तिची." मी म्हणायचे, "आत्या, शिवणाची नाही, पोशाखाची." तू म्हणायचीस, "पोशाख काय झाडाला लागतात?"

शेवटच्या वर्षी मला प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या मुलींनी पट्टुसाड्या, म्हणजे रेशमी साड्या घेतल्या, कुणी चोळ राजांच्या काळातल्या मूर्तींवरचे दागिने घेतले. मी घेतले राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या बॅलेचे पोशाख. का, तर कॉलेजच्या लायब्ररीत त्यावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि ते माझ्याआधी कुणी घरी नेलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, शिंप्याची पोर घरच्याच कामावर लिहिते असं मला कुणी म्हणायला नको होतं. हे तुला मी सांगितलं नव्हतं. तुला कळलं असणारच.

रोज चारला मी घरी यायचे. तू मशीनवर, मी खाली चटईवर पुस्तक उघडून. मी इंग्रजीतून मराठी करून सांगायचे आणि तू पायडल न थांबवता ऐकायचीस. पांढऱ्या मलमलीचे जाळीदार झगे, खळ घालून ताठ केलेले, थरावर थर. आधी पोटरीपर्यंत, मग शतक सरत गेलं तसे वर वर चढलेले, कारण पायांचं काम अवघड होत गेलं आणि ते दिसायला हवं होतं. वर घट्ट चोळी, आत पट्ट्या घातलेली.

"जेवायच्या कशा?" तू विचारलंस.

"नाचाआधी जेवत नसतील."

"आणि झगे धुवायचे कसे? खळ गेली की पुन्हा घालायची. कोण घालायची?"

पुस्तकात नव्हतं. मी पुढचं पान वाचलं. रंगमंचावर कडेला गॅसचे दिवे असायचे, उघड्या ज्योतीचे. झग्याची कड तिथं लागली की ती मलमल कागदासारखी पेटायची. बाजूला ओल्या घोंगड्या तयार ठेवलेल्या असायच्या, तरी पोरी जळून मेल्या. तेव्हा तुझं मशीन थांबलं. पहिल्यांदाच. मग मी सांगितलं की कापड न पेटण्यासाठी ते क्षाराच्या पाण्यात बुडवायची युक्ती निघाली होती, पण त्यानं कापड मळकट आणि कडक व्हायचं, म्हणून काही नाचणाऱ्या पोरींनी ते घालायला नकार दिला.

"मूर्खपणा," मी म्हणाले. "दिसण्यासाठी जीव द्यायचा?"

"मूर्ख नव्हत्या ग. जे कापड अंगाबरोबर हलत नाही ते नेसून नाचायचं कसं? तू नाचलीयस कधी?"

"तू तरी कुठं नाचलीस?"

"मी नाचले नाही. पण नाचणारीचं कापड तीस वर्षं माझ्या हातात आहे."

मी म्हणाले, मग शिवणारीनंच ठाम सांगायला हवं होतं, असला झगा मी देणार नाही म्हणून. तू हसलीस. "तिला विचारतो कोण? बरं, ते झगे कोण शिवली? नाव आहे का त्यात?"

मी पुस्तक चाळलं. नाचणाऱ्यांची नावं होती, चित्रकारांची होती, थिएटरच्या मालकांची होती. शिवणाऱ्या बायकांना अख्ख्या पुस्तकात एक ओळ होती आणि त्या ओळीत नाव नव्हतं.

"नसणारच," तू म्हणालीस आणि पुन्हा पायडल मारलंस. "नीट बसलं तर नाव कोण विचारतंय? फाटलं की लगेच विचारतात."

ते वाक्य मी प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर घातलं. कॉलेजातल्या बाईंनी लाल रेघ मारून काढून टाकलं, विषयाला धरून नाही म्हणून. आपला तो वाद मात्र तसाच राहिला. आजही मला तुझं पूर्ण पटलेलं नाही, आत्या. ओल्या घोंगड्या ठेवणाऱ्यांना कापडाचं काही करता आलं असतं असंच मला वाटतं. पण आता उलट बोलायला तू नाहीस, आणि एकटीनं वाद जिंकण्यात काही अर्थ नसतो.

पुस्तकातली चित्रं तू मात्र मन लावून बघायचीस. टाचा उचललेल्या, अंगठ्यावर उभ्या, हात वर. एकदा बराच वेळ बघून म्हणालीस, "त्यांच्या पोरी वर जातात. आपल्या खाली बसतात. अस्के माप तिथंच बदलतं, सगळंच माप." मला गंमत वाटली. ते एवढं महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही.

हे कधी दुसऱ्या कुणी वाचलं तर, भरतनाट्यम न बघितलेल्यांसाठी इथं थोडं थांबून सांगते. नाचणारी गुडघे दोन्ही बाजूंना उघडून अर्धी बसते, त्याला अरैमंडी म्हणतात, आणि बहुतेक सगळा नाच त्याच बसणीत होतो. पोशाखाच्या पुढे दोन पायांच्या मध्ये निऱ्यांचा पंखा शिवलेला असतो. तो विसिरी. ती उभी असताना तो मिटलेला, बसली की उघडतो. म्हणून तू माप घेताना टेप वापरायची नाहीस. पोरीला अरैमंडीत बसवायचीस आणि सुती दोरी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत धरून गाठ मारायचीस. मग तिला पूर्ण खाली बसवून दुसरी गाठ. ती दोरी, त्या पोशाखाच्या रेशमाची चिंधी बांधून, भिंतीवरच्या खिळ्याला. प्रत्येक पोरीची तिची दोरी. लहान पोरी मोठ्या होऊन आल्या की जुनी दोरी शोधायच्या, किती वाढलो ते बघायला. आणि पोशाख तयार झाला की अंगावर घालून त्यांना बसवायचीस, चारी बाजूंनी फिरून बघायचीस आणि एकच शब्द बोलायचीस, "बेस," म्हणजे छान जमलं. तोवर उठायचं नाही.

मला त्या दोऱ्यांची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या तर मी दार लोटून घ्यायचे.

प्रकल्प चालू होता त्याच महिन्यांत तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टीचरांच्या कामाक्षीचं अरंगेट्रम, म्हणजे पहिला मोठा कार्यक्रम, तोंडावर आला होता. डाळिंबी रेशीम येऊन पडलं होतं. डोळ्यावर पट्टी बांधून तू आतल्या खोलीत पडली होतीस. "मी कापते," मी म्हणाले. "कॉलेजात चार वर्षं काय शिकले मग?" तू म्हणालीस, "काप."

मी टेप घेऊन कामाक्षीच्या घरी गेले. तिची परीक्षा चालू होती, ती हातात वही घेऊन उभी होती, ओठ हलवत. मी तिची उभी मापं घेतली, सेंटिमीटरमध्ये, वहीत तक्ता करून. कागदाचा पॅटर्न काढला. गुडघ्यांसाठी सूत्रानं ढिलाई धरली. इतका देखणा पॅटर्न मी पुन्हा कधी काढला नाही. ट्रायलला ती आरशासमोर उभी राहिली, दोन पावलं टाकली, "सूपर" म्हणाली आणि अभ्यासाला पळाली. तिला बस म्हणायचं माझ्या मनात आलं होतं. पण मला सूत्राची खात्री होती.

घरी आले तर आतून तुझा आवाज आला. "बसवून घेतलीस ना माप?"

"होय की," मी म्हणाले.

दोन शब्द. खोटे. तू पट्टीखाली डोळे मिटून होतीस आणि मला बघत नव्हतीस, म्हणून ते इतके सहज निघाले.

कार्यक्रमात कामाक्षी पहिल्यांदा पूर्ण खाली बसली तेव्हा विसिरी उजव्या गुडघ्याजवळ उसवला. मृदंगात आवाज ऐकू आला नाही. पण निऱ्यांचं टोक सुटून लोंबायला लागलं आणि ती पोर पुढचा सगळा वेळ ते टोक मांडीला दाबून नाचली. दोन तास. सोळा वर्षांची. शेवटी आभार मानताना निवेदकानं नट्टुवांगमच्या झांजा, मृदंग, गायन, मेकअप अशी नावं घेतली आणि मग म्हणाला, पोशाख, आपल्या टेलर अक्का. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. फाटल्यावर नाव विचारतात असं तू म्हणाली होतीस. इथं विचारावंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी टीचर पिशवी घेऊन आल्या. तुझी पट्टी निघाली होती. तू पोशाख टेबलावर पसरलास, उसवलेल्या शिवणीवर बोट फिरवलंस, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मी दारात उभी होते. तुला तेव्हाच सगळं कळलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. टीचरांना म्हणालीस, "माझाच हात चुकला. डोळा बरा नव्हता, थांबायला हवं होतं."

टीचर फार बोलल्या नाहीत. त्यांनी पुढची कामं दुसरीकडे दिली, दोन वर्षं. गल्लीत बोललं जायला लागलं की टेलर अक्काची नजर गेली. शाळांचे युनिफॉर्म, ब्लाउज, पडदे, तू ते शिवत राहिलीस. मी पहिल्या वर्गात पास झाले, तू गल्लीत लाडू वाटलेस. रोज चारला आपण दोघी कॉफी प्यायचो. रोज मला वाटायचं आज बोलावं. रोज तू कशाचा तरी विषय काढायचीस, सांबारात चिंच जास्त झाली, वरच्या मजल्यावरची पोर पळून गेली, कालव्याला पाणी सोडलं. आता मला वाटतं, तू मला सुटका देत होतीस. तेव्हा वाटायचं, तू विसरलीस. दुसरं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

मग टीचर परत आल्या. दुसऱ्यांचे विसिरी त्यांना आवडेनात. तू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालीस, "बसवा पोरीस. दोरी आण ग मंजुळा." मी दोरी आणली. तुझं म्हणणं बरोबर होतं हे मी हातानं कबूल केलं, तोंडानं नाही. पुढे मी तुझ्याकडूनच दोरी धरायला शिकले आणि माझ्या वर्गातल्या मुलींना आज मी तेच शिकवते. त्यांनाही मी सांगितलेलं नाही की हे मला कसं कळलं.

तू गेलीस तेव्हा टीचरांच्या दुसऱ्या एका शिष्येचं, हरिणीचं काम टेबलावर होतं. मोरपंखी रेशीम, सगळं कापलेलं, निऱ्या दाबून ठेवलेल्या, विसिरी जोडायचा राहिलेला. तेराव्यानंतरच्या रविवारी मी हरिणीची दोरी शोधायला खिळ्यांपाशी गेले. शंभर तरी दोऱ्या. मी एकेक चिंधी बाजूला करत होते आणि मागच्या खिळ्याला डाळिंबी चिंधी लागली. नुसती चिंधी. दोरी नाही.

कामाक्षीची दोरी नव्हतीच, आत्या. मी घेतलीच नव्हती. पण चिंधी तू लावलीस. ऑपरेशननंतर कधी तरी, मी कॉलेजात असताना, कतरणीतून तुकडा उचललास आणि दोरीशिवाय खिळ्याला अडकवलास. मला टोचायला? मला नाही वाटत. टोचायचं असतं तर पुढच्या खिळ्याला लावली असतीस. कापडाचा हिशेब पूर्ण असावा एवढंच तुला हवं असेल. प्रत्येक पोरीची जागा भिंतीवर असते, तिचीही ठेवलीस. मी त्या भिंतीशी किती वेळ उभी राहिले मला माहीत नाही. दूधवाला हाक मारून गेला.

काल टीचर हरिणीला घेऊन ट्रायलला आल्या. मी विसिरी टाचून ठेवला होता, पक्का जोडला नव्हता. हरिणीची दोरी काढायला मी चिंध्या सारल्या आणि टीचरांची नजर मागे गेली. त्या इतक्या वर्षांत हजारो रंगांची रेशमं बघून बसल्यात, त्यांनी तो रंग लगेच ओळखला.

"हा कामाक्षीचा ना?" त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "याला दोरी का नाही?"

पुन्हा तोच प्रश्न, आत्या. तू विचारला होतास तसाच, साधा, संशय न घेता. आणि तसंच सोपं होतं. तुटली असेल, उंदरांनी खाल्ली असेल, अक्काला विसर पडला असेल. तू आता आतल्या खोलीतही नव्हतीस.

"तिचं माप अक्कानं घेतलं नव्हतं," मी म्हणाले. "मी घेतलं. उभं. कापलं मी, शिवलं मी. अक्कानं विचारलं तेव्हा बसवून घेतलं म्हणून खोटं सांगितलं."

टीचर खुर्चीवर बसल्या. हरिणी पोशाखाचे दोन तुकडे छातीशी धरून आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"दोन वर्षं," टीचर म्हणाल्या. "दोन वर्षं मी तिला काम दिलं नाही. बाजारात भेटली की विचारायची, मुली कशा आहेत, पाय दुखतात का कुणाचे. मला वाटायचं, कामासाठी बोलते. मी घड्याळ बघून निघून यायचे." मग माझ्या पदवीच्या फोटोकडे बघत, "आणि तुझ्या डिग्रीचा लाडू मी खाल्ला."

माझ्याकडे बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झालं होतं. मला वाटलं, आता त्या हरिणीला उठवतील आणि रेशीम गुंडाळून नेतील. नेलं असतं तर मी अडवलं नसतं.

"घे माप," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

हरिणी अरैमंडीत बसली. मी तुझी दोरी तिच्या गुडघ्यांना लावली. गाठ कमी पडली. तू माप घेतल्यापासून पोर वाढली होती, दोन बोटं.  मग मी विसिरीची कड उलटी केली, तर आत तू दाब ठेवला होतास, जादा कापड दुमडून, बारीक टाके घालून. दोन बोटांहून थोडा जास्तच. चौदा वर्षांची पोर शिवून होईपर्यंत वाढणार हे तू धरून चालली होतीस. कुठल्या सूत्रात हे आहे ते मला माहीत नाही. मी टाके उसवले, दाब सोडला, पुन्हा टाचलं, मशीनवर बसले आणि तुझ्या पायडलवर पाय ठेवला. टीचर समोर बसून होत्या. एक शिवण मारायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"आभारात नाव कुणाचं सांगू?" मी दोरा तोडत होते तेव्हा त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, अजून कळलेलं नाही.

"कापड अक्कानं कापलं," मी म्हणाले. "जोड माझा आहे. नीट राहिला तर तिचं सांगा. फाटला तर माझं."

"दोन्ही सांगेन," टीचर म्हणाल्या. "आधीच सांगेन, नाच सुरू व्हायच्या आत."

हरिणी पोशाख घालून आली. मोरपंखी रंग तिला फार शोभत होता. ती मध्ये उभी राहिली, अरैमंडीत आली आणि मग पूर्ण खाली बसली. विसिरी उघडला. एकेक निरी सुटी होत, कुठं न ओढता, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. शिवण शांत होती.

पोर उठेना. पाय थरथरायला लागले, कपाळावर घाम आला, तरी तशीच बसून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं काही टोचतंय. मी वाकले. "काय झालं?"

टीचरांनीच सांगितलं. "तो शब्द. अक्का बोलायची तो. त्याशिवाय या उठत नाहीत."

मी भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघितलं आणि मग हरिणीकडे.

"बेस," मी म्हणाले.

ती उठली.